कॉर्नवॉल: गावांच्या नावांत उरलेली भाषा

मीठवारा

कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैऋत्य टोक. तिथल्या कॅम्बोर्न गावी राहायला येऊन मला आता पाचवं वर्ष लागलं. पहिल्या हिवाळ्यात गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे सगळीकडे बसने जायचे. काचेवर पाऊस, बाहेर काही दिसायचं नाही, मग पुढच्या थांब्याचं नाव दाखवणाऱ्या पाटीकडे बघत बसायचं. पेनपॉन्ड्स. ट्रेस्विदियन. ट्रेगाजोरन. प्रेझ-ॲन-बीबल. ही नावं इंग्रजी वाटेनात. गावाच्या नावात वाडी, पाडा, खुर्द, बुद्रुक शोधायची आपली सवय. आठवड्याभरात लक्षात आलं की इथेही तेच तुकडे परत परत येतायत.

'ट्रे' म्हणजे वाडी, वस्ती. 'पेन' म्हणजे डोकं किंवा टोक. 'पोल' म्हणजे डोह, 'पोर्थ' म्हणजे खाडीतलं छोटं बंदर, 'लान' म्हणजे देवळाभोवतीचं आवार, 'कार्न' म्हणजे दगडांचा ढिगारा, 'बोस' म्हणजे घर. पेनपॉन्ड्स म्हणजे पुलाचं टोक. पेन्झॅन्स म्हणजे पवित्र टोक. एकाच वाडीच्या दोन वाड्या झाल्या तर मोठीला 'विअर' आणि धाकटीला 'व्हीन' जोडायचे, अगदी आपल्या बुद्रुक-खुर्दसारखं. शेजारच्या रेड्रूथचं नाव मला सगळ्यात आवडतं. इंग्रजी वाचणाऱ्याला 'रेड' पहिल्या अर्ध्यात दिसतो. खरा तांबडा रंग मात्र दुसऱ्या अर्ध्यात आहे: 'रूध' म्हणजे तांबडा, आणि पहिला भाग 'रीस' म्हणजे ओढा पार करायचा उतार. तांबडा उतार. टिन आणि तांब्याच्या खाणींचं पाणी वाहणाऱ्या ओढ्याचा रंग नावात राहिला, आणि तो कुठल्या शब्दात आहे हे बोलणारी माणसं गेली.

ही भाषा म्हणजे कॉर्निश, तिचं स्वतःचं नाव केर्नेवेक. प्रदेशाचं नाव केर्नो. इथे सुट्टीला येणारे लोक समुद्र बघतात, टिंटॅजलचा किल्ला बघतात, स्कोन आणि साय खातात आणि परत जातात. त्यांचं चुकतं असं नाही, समुद्र आहेच तसा. पण या भाषेचं काय झालं ते कळलं नाही तर हा प्रदेश इंग्लंडचा एक देखणा जिल्हा म्हणूनच लक्षात राहतो. म्हणून हा धागा.

भाषा कशी गेली याचा एक मोठा टप्पा तारखेनिशी सांगता येतो. रेड्रूथपासून काही मैलांवर पेन्रिन गाव आहे. तिथे १२६५ मध्ये ग्लॅस्नी नावाचं धर्मपीठ स्थापन झालं. कॉर्निश भाषेतली मोठी धार्मिक नाटकं त्याच वर्तुळात लिहिली गेली असं अभ्यासक मानतात. ती गावाबाहेरच्या गोल मातीच्या रंगमंचावर दिवसचे दिवस चालायची. या रंगमंचाला 'प्लेन ॲन ग्वारी' म्हणतात, म्हणजे खेळाची जागा. सेंट जस्ट गावात एक भर वस्तीत अजून शाबूत आहे, मुलं त्यावर फुटबॉल खेळतात. आठव्या हेन्रीने सुरू केलेली मठांची मोडतोड त्याच्या मुलाच्या काळात ग्लॅस्नीपर्यंत पोचली आणि ते १५४८ च्या सुमाराला बंद झालं. लगेच १५४९ मध्ये हुकूम निघाला की सगळ्या चर्चमध्ये नवं इंग्रजी प्रार्थनापुस्तकच वाचायचं. कॉर्नवॉल आणि शेजारच्या डेव्हनचे लोक उठले. त्यांच्या मागण्यांत एक वाक्य होतं: आम्ही कॉर्निश माणसं, आमच्यातल्या कित्येकांना इंग्रजी कळत नाही, हे नवं इंग्रजी आम्ही साफ नाकारतो. त्यांनी डेव्हनमधल्या एक्सेटर शहराला वेढा घातला. ऑगस्टपर्यंत उठाव चिरडला गेला आणि हजारो माणसं मेली.

पुढचं मला जास्त लागतं. वेल्सच्या लोकांसाठी १५६३ मध्ये कायदा झाला, प्रार्थनापुस्तक आणि बायबल वेल्श भाषेत करायचं ठरलं, आणि १५८८ मध्ये अख्खं बायबल वेल्शमध्ये छापून आलं. कॉर्निशला असं पुस्तक कधीच मिळालं नाही. देवाशी बोलायची भाषा इंग्रजी झाली, मग बाजारातली झाली, मग आईची झाली. दरवर्षी भाषेची सीमा थोडी पश्चिमेला सरकत गेली, समुद्र लागेपर्यंत.

शेवटी नाव येतं ते डॉली पेन्ट्रीथचं. माउझल नावाच्या बंदरात मासे विकणारी बाई, डिसेंबर १७७७ मध्ये वारली. शेवटची कॉर्निश बोलणारी म्हणून पॉल गावच्या चर्चच्या भिंतीत तिचा दगड आहे, तो १८६० मध्ये बसवला. ती खरंच शेवटची होती का यावर वाद आहे. १७७६ मध्ये माउझलच्याच विल्यम बॉडिनार या कोळ्याने कॉर्निशमध्ये पत्र लिहून कळवलं होतं की गावात चार-पाच म्हातारी माणसं अजून ही भाषा बोलू शकतात. त्या पत्राचं भाषांतर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळे भरून आले. त्यात तक्रार नाही की रडगाणं नाही. आपण लहानपणी होडीवर म्हाताऱ्यांकडून भाषा शिकलो एवढं तो सांगतो.

तुमच्यापैकी कोणी इकडे आलंय का? काय पाहिलंत? प्रश्न असतील तरी विचारा, जमेल तसं लिहीन.

रुईफूल

एका दमात वाचलं. एक बाळबोध प्रश्न: सेल्टिक म्हटलं की मला आयर्लंड आणि स्कॉटलंडच आठवतं. इंग्लंडमध्येही सेल्टिक लोक आहेत?

मीठवारा

बाळबोध अजिबात नाही, मलाही तेच वाटायचं. जिथे सेल्टिक भाषा टिकल्या किंवा अलीकडेपर्यंत होत्या असे सहा प्रदेश साधारण मोजतात: आयर्लंड, स्कॉटलंड, आइल ऑफ मॅन, वेल्स, कॉर्नवॉल, आणि फ्रान्समधला ब्रिटनी. पहिल्या तिघांच्या भाषा एकमेकींच्या जवळच्या, पुढच्या तिघांच्या एकमेकींच्या. कॉर्निशची सख्खी बहीण म्हणजे ब्रेटन. समुद्र मध्ये असला तरी कोळी आणि साधू दोन्हीकडे ये-जा करायचे, त्यामुळे इथल्या कित्येक संतांची देवळं ब्रिटनीतही सापडतात.

कॉर्नवॉलची इंग्लंडशी सीमा म्हणजे टेमार नदी. ती जवळजवळ उत्तर समुद्रकाठापासून दक्षिण समुद्रापर्यंत वाहते, त्यामुळे नकाशावर हा प्रदेश बेटासारखाच दिसतो. १० व्या शतकात अथेल्स्टन या इंग्रज राजाने ती सीमा ठरवली असं मानतात. इथली म्हातारी माणसं अजून 'टेमारपलीकडे' म्हणतात. २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, स्कॉट, वेल्श आणि आयरिश लोकांसारखीच.

अनुस्वार

मीठवारा, उत्तम धागा. मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी होते, त्यामुळे राहवत नाही. कॉर्निशमधले आकडे मोठ्याने वाचून बघा: ओनन, देउ, त्री, पेस्वार, पिम्प, ह्वेह, सेय्थ, एथ, नाउ, देग. त्री, सेय्थ, एथ, नाउ ऐकताना तीन, सात, आठ, नऊ कानात वाजतात की नाही? पेस्वार आणि पिम्प वेगळे वाटतात. कारण मूळ भाषेतला एक 'क्व'सारखा ध्वनी कॉर्निश-वेल्श-ब्रेटनमध्ये 'प' झाला, आयरिशमध्ये 'क' राहिला आणि संस्कृतकडे येताना इथे 'च' झाला. म्हणून त्यांचा पेस्वार आणि आपला चत्वार एकाच घरचे. दात म्हणजे 'दान्स', महिना म्हणजे 'मीस', नवा म्हणजे 'नोविध'.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढे आहे. कॉर्निशमध्ये पुल्लिंगी नामाबरोबर तीन म्हणजे 'त्री' आणि स्त्रीलिंगीबरोबर 'तेर'. चार म्हणजे 'पेस्वार' आणि स्त्रीलिंगी 'पेडर'. संस्कृतमध्ये त्रयः आणि तिस्रः, चत्वारः आणि चतस्रः. तिस्रः आणि तेर हे एकाच जुन्या रूपाचे वंशज आहेत. मराठीने आणि इंग्रजीने ही वेगळी रूपं टाकली. माउझलच्या कोळणीच्या तोंडी मात्र ती १८ व्या शतकापर्यंत होती.

विल्यम जोन्सने २ फेब्रुवारी १७८६ ला कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं सांगितलं, तेव्हा सेल्टिकही त्याच कुळात धरायला आधार आहे असं म्हटलं होतं. त्याचे वडील वेल्सच्या अँगल्सी बेटावरचे होते.

गोठणकर

अनुस्वारताई, त्यांची मोजणी विसाने चालते असं कुठेतरी ऐकलेलं, खरं का? आमची आजी बांबू आणि पेंढ्या कोडीने मोजायची. साठ म्हणायचं तर 'तीन विसा'. शाळेत आम्हाला त्यावरून हसायचे.

अनुस्वार

अगदी खरं. वीस म्हणजे 'उगेन्स', चाळीस म्हणजे 'देउ-उगेन्स', दोन विसा. साठ 'त्री-उगेन्स', तीन विसा. तुमच्या आजीने त्यांचा हिशेब सहज लावला असता.

खाणकरी

मी नागपूरचा. १९७८ ला खाण अभियांत्रिकी पास झालो आणि नोकरीची पहिली तीन वर्षं कोलारच्या सोन्याच्या खाणीत काढली. तिथे शिकवणारे जुने लोक सांगायचे की ही खाण कॉर्नवॉलच्या माणसांनी उभी केली. जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने १८८० च्या दशकात कारभार घेतला आणि कॉर्नवॉलमधून खाणकामगार आणले. मी होतो तेव्हा तिथली चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. खाली जाताना कान दुखायचे आणि तळाशी दगड हाताला गरम लागायचा. २००१ मध्ये कोलार बंद झालं.

माझा प्रश्न असा: ज्या गावांतून ती माणसं आली ती आज कशी आहेत? चिमणीवाल्या दगडी इमारती मी फक्त फोटोत पाहिल्यात. आणि 'मॅन इंजिन' म्हणजे माणसांना वर-खाली नेणारं यंत्र, त्याचं काही उरलंय का?

मीठवारा

खाणकरी काका, तुमचा प्रतिसाद वाचून रविवारी लेव्हॅन्ट या जुन्या खाणीवर परत गेले आणि आल्यावर हे लिहितेय.

त्या दगडी इमारतींना इंजिन हाउस म्हणतात. एक उंच, जाड भिंतीची खोली आणि कोपऱ्यात गोल चिमणी. आत वाफेचं मोठं इंजिन असायचं आणि त्याचा लोखंडी दांडा भिंतीबाहेर डोकावून खाणीतलं पाणी उपसायचा. आज इंजिनं गेली, छप्परं गेली, आत कावळे राहतात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीन दिसतात. एके काळी जगातल्या तांब्यापैकी दोन तृतीयांश तांबं या भागातून निघायचं, १९ व्या शतकाच्या सुरुवातीला. १८६६ मध्ये तांब्याचा बाजार कोसळला आणि घरंच्या घरं बाहेर पडली: मेक्सिकोला, दक्षिण ऑस्ट्रेलियाला, कॅलिफोर्नियाला, आणि तुमच्या कोलारला. २००६ पासून हा सगळा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, शेजारच्या पश्चिम डेव्हनसकट, वेगवेगळे दहा भाग मिळून.

लेव्हॅन्ट अगदी कड्यावर आहे. बोगदे समुद्राच्या तळाखाली मैलभराहून जास्त गेलेले. वादळात डोक्यावरचे धोंडे लाटांबरोबर गडगडताना खाली ऐकू यायचे असं कामगार सांगत. मॅन इंजिन म्हणजे खाणीच्या खोलीइतका लांब लाकडी दांडा, जो इंजिनाने काही फूट वर आणि काही फूट खाली हलायचा. दांड्याला पायऱ्या, आणि खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीच्या भिंतीलाही तशाच फळ्या. दांडा वर जाताना त्याच्या पायरीवर उभं राहायचं, थांबला की भिंतीच्या फळीवर उतरायचं, तो खाली येऊन परत वर निघाला की पुन्हा चढायचं. नाहीतर दिवसभराच्या कामानंतर तासभर शिड्या चढाव्या लागायच्या, म्हणून हे यंत्र आलं तेव्हा माणसांना वरदान वाटलं होतं.

२० ऑक्टोबर १९१९ ला पाळी सुटायच्या वेळी दांडा माणसांनी भरलेला होता. वर इंजिनाला जोडणारा लोखंडी भाग तुटला आणि दांडा विहिरीत कोसळला. ३१ माणसं गेली. महायुद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. ते यंत्र पुन्हा लावलं नाही, खालचे थर सोडून दिले आणि १९३० मध्ये खाण बंद झाली. विहिरीचं तोंड अजून दिसतं. कामगार कपडे बदलायच्या खोलीतून गोल जिना उतरून एका बोगद्याने तिथपर्यंत जायचे, त्या बोगद्यातून आपल्याला जाता येतं. मी तिथे उभी राहिले तेव्हा खालून गार हवा येत होती.

पण तिथेच १८४० चं एक वाफेचं इंजिन चालू आहे! १९३५ मध्ये ते भंगारात जाणार होतं, तेव्हा काही लोकांनी समिती स्थापून वाचवलं. पुढे स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं गंज काढला आणि १९९० च्या दशकात ते परत वाफेवर फिरलं. पगार न घेता, दर आठवड्याला, तेलाने माखून. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. सगळ्यात शेवटची मोठी टिनची खाण साउथ क्रॉफ्टी १९९८ मध्ये बंद झाली, ती आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. इथल्या कितीतरी घरांत वडील किंवा आजोबा तिथे कामाला होते.

खाणकरी

मुली, खूप बरं वाटलं. दांड्यावरून चढण्याचं वर्णन बरोबर आहे. ३१ माणसांचं वाचून काही वेळ थांबलो. आमच्याकडे दगड फुटला की सायरन वाजायचा आणि वस्तीतल्या सगळ्या बायका दाराशी येऊन उभ्या राहायच्या. ते चेहरे मी विसरलेलो नाही.

रुईफूल

बायकांचं काय? त्या फक्त दाराशीच उभ्या होत्या का?

मीठवारा

नाही. त्यांना 'बाल मेडन' म्हणायचे. 'बाल' हा कॉर्निश शब्द, अर्थ खाणीची जागा. इथल्या बायका जमिनीखाली जात नसत. खाणीच्या तोंडाशी, उघड्यावर किंवा शेडमध्ये बसून दगड फोडायच्या: आधी मोठ्या घणाने, मग लहान हातोडीने खनिज वेगळं करायचं, मग त्याचा चुरा. दहा-बारा वर्षांच्या मुलीही होत्या. उन्हापावसापासून आणि उडणाऱ्या कपच्यांपासून वाचायला डोक्यावर कडक पांढरं टोपडं असायचं, त्याला 'गूक' म्हणायचे. पुरुषांच्या तुलनेत मजुरी अगदीच कमी. या तांब्याचा प्रत्येक कण आधी कुणा मुलीच्या हातोडीखालून गेला. तरी इंजिन बनवणाऱ्या रिचर्ड ट्रेव्हिथिकचा पुतळा कॅम्बोर्नच्या वाचनालयासमोर आहे आणि या मुलींची नावं बहुतेक पगाराच्या वह्यांतच राहिली. रेड्रूथला 'क्रेसेन केर्नो' नावाचं दफ्तरखाना-वाचनालय आहे, २०१९ मध्ये जुन्या बिअरच्या कारखान्याच्या इमारतीत सुरू झालं. तिथे कॉर्नवॉलचे जुने कागद मागवून बघता येतात.

शाईची दौत

खाण्याचं कोणीच विचारत नाही! कॉर्निश पेस्टी खरंच खाणकामगारांची शिदोरी होती का?

मीठवारा

हो. मोठ्या करंजीसारखी असते: गोल पोळी, आत गोमांसाचे तुकडे, बटाटा, कांदा आणि सलगमाच्या जातीचा एक पिवळा कंद, सगळं कच्चंच भरायचं, दुमडून कडेला मुरड घालायची आणि भट्टीत भाजायचं. माझी मुरड बघून शेजारच्या आजींनी विचारलं, कुठे शिकलीस? म्हटलं, दिवाळीत. २०११ पासून नावाला कायद्याचं संरक्षण आहे: कॉर्नवॉलमध्ये बनलेली आणि मुरड कडेला असलेली असेल तरच कॉर्निश पेस्टी म्हणून विकता येते. मेक्सिकोत रिअल देल मोन्ते गावी खाणकामगारांबरोबर गेलेली ही पेस्टी आजही तिथे 'पास्ते' म्हणून विकतात, आत मिरची घालून.

तर्कटी

लेख आवडला, पण एक विचारतो, राग मानू नका. २०११ च्या जनगणनेत आपली मुख्य भाषा कॉर्निश सांगणारे इंग्लंड-वेल्समध्ये ५५७ लोक होते. भाषा १८ व्या शतकात संपली. आता जी बोलतात ती कागदांवरून पुन्हा जुळवलेली. रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत करण्यापेक्षा त्या पैशात दवाखाने चालवले तर काय बिघडलं? आणि जुळवलेल्या भाषेला जिवंत भाषा म्हणायचं का?

अनुस्वार

जुळवलेली आहे, पण हवेतून नाही. १४ व्या शतकातल्या नाटकांच्या हजारो ओळी आहेत, १५०४ चं संत मेरियासेकवरचं नाटक आहे, १६११ चं सृष्टीच्या उत्पत्तीचं नाटक आहे. १७०० मध्ये एडवर्ड लुइड हा वेल्श पंडित इथे येऊन बोलणाऱ्यांकडून उच्चार टिपून गेला. व्याकरणात जिथे भोक होतं तिथे ब्रेटन आणि वेल्शचा आधार घेतला. १९०४ मध्ये हेन्री जेनर यांनी शिकण्याचं पहिलं छोटं पुस्तक काढलं. नंतर लेखनपद्धतीवरून अभ्यासकांत चांगलीच भांडणं झाली, मध्ययुगीन रूप धरायचं की १७ व्या शतकातलं. २००८ मध्ये सगळ्यांना चालेल असं एक प्रमाण लेखन ठरलं. युनेस्कोने ही भाषा मृत म्हणून नोंदवली होती, २०१० मध्ये ती नोंद बदलून 'अत्यंत धोक्यात' अशी केली.

मीठवारा

तर्कटी, राग नाही. प्रश्न इथलेही लोक विचारतात. दवाखान्यांची गरज मी रोज बघते, नवरा त्याच कामात आहे. पण रस्त्याची पाटी गंजली की ती बदलावीच लागते, तेव्हा नवीवर दोन ओळी लिहायच्या एवढंच होतं. आणि त्या दुसऱ्या ओळीने मला सांगितलं की मी राहते त्या कॅम्बोर्नचा अर्थ वाकडी टेकडी, 'काम' आणि 'ब्रॉन'. ती टेकडी माझ्या दारासमोर आहे. चार वर्षं मी ती चढत होते आणि गावाच्या नावात ती आहे हे मला माहीत नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी मी कॉर्निशच्या वर्गाला जाते. आम्ही नऊ जण. एक निवृत्त खाणकामगार आहे, साउथ क्रॉफ्टीत तीस वर्षं होता. त्याला 'हुएल' म्हणजे काम हा शब्द शिकवला तेव्हा तो थबकला. इथल्या खाणींची नावं 'व्हील' या शब्दाने सुरू होतात, आणि आयुष्यभर त्याला ते चाकासाठीचं इंग्रजी 'व्हील' वाटत होतं. तो शब्द हुएल होता, काम. ज्या भाषेत त्याच्या पणजोबांचे पणजोबा खाणीला हाक मारायचे तिचा एक शब्द तो रोज उच्चारत आला होता. त्या संध्याकाळी तो फार बोलला नाही. ही भाषा जिवंत आहे का, हे ५५७ वरून कसं मोजायचं मला कळत नाही.

तर्कटी

हे पटलं. पाटीचा मुद्दा मागे घेतो.

शाईची दौत

आणि राजा आर्थर? टिंटॅजलला जायचं ठरवतोय, मुलं मागे लागलीयत.

मीठवारा

जा नक्की, कडे आणि २०१९ चा नवा पादचारी पूल अप्रतिम आहे. आर्थरचं गर्भधारण तिथे झालं ही गोष्ट १२ व्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ या लेखकाने लिहिली. मुलांना ती सांगाच. पण त्यांना हेही सांगा की उत्खननात तिथे ५ व्या-६ व्या शतकातली भूमध्य समुद्राकडची मडकी ढीगभर सापडली: तेलाचे, वाइनचे रांजण. रोमन सत्ता गेल्यावर, सगळे म्हणतात अंधारयुग, तेव्हा या कड्यावर कोणीतरी मोठा माणूस राहत होता आणि बायझँटाइन जगाकडून जहाजं येत होती. बदल्यात बहुधा टिन जायचं. हे मला कुठल्याही तलवारीपेक्षा थोर वाटतं.

८ मेच्या आसपास येत असाल तर हेल्स्टनचा फ्लोरा डे चुकवू नका. अख्खं गाव जोडीजोडीने नाचत रस्त्यावरून जातं आणि एका घराच्या पुढच्या दारातून आत शिरून मागच्या दाराने बाहेर पडतं. दारं त्या दिवशी उघडी ठेवतात.

गिरगावकर

मी इथे सहसा फक्त वाचतो, पण कॉर्नवॉल म्हटल्यावर लिहावं वाटलं. माझे वडील मुंबईत ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसमध्ये होते, पुढे तिचं विदेश संचार निगम झालं. १९५९ ला लागले, तारयंत्रावर. जुन्या लोकांकडून त्यांनी ऐकलेलं की मुंबईहून विलायतेला जाणारी समुद्राखालची तार कॉर्नवॉलच्या एका दरीत बाहेर येते. नाव त्यांना आता आठवत नाही. ते ८७ वर्षांचे आहेत. तुम्हाला ठाऊक आहे का?

मीठवारा

दरीचं नाव पोर्थकर्नो. काल तिथे जाऊन आले.

१८७० च्या फेब्रुवारीत 'ग्रेट ईस्टर्न' हे तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज मुंबईहून तार सोडत एडनकडे निघालं. तिथून तांबडा समुद्र, सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बनजवळचं कार्काव्हेलोस आणि शेवटी पोर्थकर्नो. आधी तार फाल्मथ बंदरात आणायची होती. पण तिथे जहाजांची गर्दी, नांगरांनी तार तुटेल म्हणून ही सुनसान खाडी निवडली. जून १८७० मध्ये मार्ग सुरू झाला. पत्राला जिथे आठवडे लागायचे तिथे मुंबईचा निरोप काही मिनिटांत या दरीत येऊ लागला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे १४ तारा येत होत्या, जगातलं सगळ्यात मोठं तारकेंद्र. १९४० मध्ये बॉम्बच्या भीतीने केंद्र डोंगरात हलवायचं ठरलं, तेव्हा बोगदे खणायला टिनच्या खाणीतली माणसंच आली. केंद्र १९७० मध्ये बंद झालं, बरोबर शंभर वर्षांनी. आता त्या बोगद्यांत संग्रहालय आहे.

किनारा म्हणजे पांढरी वाळू आणि हिरवं पाणी. वाळूच्या वरच्या अंगाला एक छोटी खोली आहे, तारा जमिनीवर येऊन तिथे संपायच्या. आत भिंतीवर जाड, काळी टोकं अजून आहेत. मी तिथे हात लावून उभी राहिले. जन्म मुंबईचा, परळचा. एवढ्या लांब येऊन राहिले आणि हे अंतर आधीच कुणीतरी जोडून ठेवलं होतं.

संग्रहालयात एका काकांनी जुनं यंत्र चालवून दाखवलं. निरोप मोर्सच्या ठिपक्या-रेघांत जायचा. लांबच्या तारेत विजेचा जोर इतका क्षीण व्हायचा की ठिपका छोटा आणि रेघ लांब असा फरक कळत नसे. म्हणून दोन्ही सारख्याच लांबीचे, पण ठिपका एका बाजूला आणि रेघ दुसऱ्या बाजूला झुकायची. आरशावरून पडलेला उजेडाचा कवडसा इकडे की तिकडे हलला ते अंधाऱ्या खोलीत बघून लिहून घ्यायचं. वडिलांना विचारा, त्यांना ही पद्धत शिकवली होती का. आणि या केंद्राची तारेवरची खूण दोन अक्षरांची होती: पीके.

गिरगावकर

बाबांना सकाळी वाचून दाखवलं. 'पोर्थकर्नो' ऐकून काही बोलले नाहीत. 'पीके' म्हटल्यावर चहाचा कप बाजूला सरकवला आणि टेबलावर बोट ठेवलं. एकदा डावीकडे, दोनदा उजवीकडे, एकदा डावीकडे. थोडं थांबून उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. मग मला म्हणाले, तू कर आता.